पंधरा-तीस

३ मार्च, सोमवार

फ्रिजवर कागद चिकटवला आहे. मला न विचारता! बायकोच्या हातचं वेळापत्रक — पट्टीनं रेघा मारून, दोन रंगांच्या पेनांनी. ०५:१० उठणे. ०७:२० निघणे. ०८:०० ते १६:०० ड्यूटी. शेजारी दुसरा रकाना, मथळा ‘अहो’. या ‘अहों’नी ०९:१५ वाजता स्वतःची ताटवाटी घासायची आहे.

बत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली. माझ्या एका शिट्टीवर सहाशे पोरं सरळ रेषेत उभी राहायची. आता निवृत्त झाल्यावर फ्रिज मला सावधान-विश्राम सांगणार!

चौपन्नाव्या वर्षी हिला नोकरीचं खूळ. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात — फोन घ्यायचा, पत्ता लिहायचा, जवळची गाडी धाडायची. सहा महिन्यांपुरती. म्हटलं करू दे, पंधरा दिवसांत हौस फिटेल. चार महिने झाले. फिटायचं नाव नाही.

४ मार्च

पाण्याची भानगड. कागदावर लिहिलंय: ‘१४:३० पाणी येतं, मोटार लावणे.’ मी बरोब्बर साडेचारला लावली. नुसती कोरडी घरघर! पाणीखात्याचा यथेच्छ उद्धार केला.

ही पावणेपाचला आली. टाकीत डोकावली. शेजारणीकडून चार बादल्या आणल्या, जिना चढून. दोन मी आणणारच होतो, पण तोवर तिच्या आणून झाल्या.

मग समजावणं. “अहो, दुपारी एकच्या पुढे आकडा मोठा दिसला ना, की वजा करायचे—”

“मला वजाबाकी शिकवतेस?”

पेपर वाचत होतो, तरी ऐकलं. काहीतरी वजा करायचं. एवढंच ना!

७ मार्च

मुळात ही चोवीस तासांची थेरं हवीत कशाला? तबकडीवर बारा आकडे आहेत, वाडवडिलांचं त्यात भागलं. मध्यरात्रीला म्हणे ००:००. शून्य वाजले! आमच्या शाळेत शून्य मिळालं की बाकावर उभं करत.

जेवताना हिला तसं म्हटलं. तर म्हणाली, “फोनवरचा माणूस सांगतो, सातला पडले. सकाळच्या की संध्याकाळच्या? ते विचारण्यात मिनिट जातं. आमच्याकडे मिनिट म्हणजे माणूस.”

मी म्हटलं, मग माणसानं नीट बोलायला शिकावं.

यावर तिनं मला आणखी भात वाढला. वाद जिंकला की असं होतं.

१२ मार्च

कागदावर ११:०० ते १२:०० — ‘अहो: मोकळा वेळ.’ दिवसभर मोकळ्या असलेल्या माणसाला तासभर मोकळा वेळ! धन्यवाद, सरकार.

१७ मार्च, सोमवार

महत्त्वाचा दिवस. ही सकाळी अंघोळीला गेली आणि तिच्या ऑफिसचा फोन आला. कायमची जागा निघाली आहे, एकच. मुलाखत गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी. “पंधरा-तीस वाजता,” पलीकडची मुलगी पोपटासारखी म्हणाली. मी म्हटलं, समजलं.

आकडे घेऊन तिला कशाला कोड्यात टाका! पंधरातून दहा गेले, पाच. पेपरच्या कडेला ठळक लिहून ठेवलं — गुरुवार, संध्याकाळी साडेपाच.

“इतक्या उशिरा? नक्की साडेपाच ना?” केस पुसत पुसत तिनं विचारलं.

“शाळेचं वेळापत्रक बत्तीस वर्षं मी लावत होतो.”

खूश होती. स्वयंपाकघरात गुणगुणत होती. शेवटचं कधी ऐकलं होतं हे, आठवेना.

२० मार्च, गुरुवार

निळी साडी नेसली. मीच म्हटलं, ही बरी दिसते. साडेचारला रिक्षापर्यंत सोडायला गेलो — एवढं कोण करतं!

सहाला परत. चप्पल काढली, हातपाय धुतले.

“झाली?”

“साडेतीनला होती. सगळे उठून गेले होते.”

मी भडकलोच. “म्हणजे ऐनवेळी बदलली! आणि कळवायची पद्धत नाही? इतरांना शिस्त शिकवतात, आणि स्वतःकडे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही!”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “हो. बदलली असेल,” म्हणाली. मग साडी न बदलता भाजी चिरायला बसली.

२१ मार्च

ही कामावर. पेपरवाला रद्दी न्यायला आला, तेव्हा तो पेपर हाताला लागला. सहज बोटांवर मोजलं. तेरा — एक. चौदा — दोन. पंधरा—

पुन्हा मोजलं. पायाची बोटं घेतली असती तरी तीनच आले असते.

सहाशे पोरांना मी सांगायचो, उशिरा येणारा दुसऱ्याचा वेळ चोरतो. मोठ्या आवाजात सांगायचो. वा रे मास्तर!

ताट घासलं. मोटार अडीचला लावली. टाकी भरली. त्यानं काय होतंय!

ती आल्यावर सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं आणि विचारलं काय — “चहा घेतेस?” तिनं घेतला. फार उकळला होता.

२४ मार्च, सोमवार

ही कामावर गेल्यावर तासाभरानं मीही निघालो. तिच्या प्रमुख बाईंची खोली वेगळ्या इमारतीत, म्हणून जमलं. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. “बसा काका.” बाहेर कोणी काका म्हटलेलं मला चालत नाही. बसलो.

एका दमात सांगितलं. निरोप मी घेतला. आकडा मी बदलला. तिनं दोनदा विचारलं, मी शाळेच्या बढाया मारल्या. चूक माझी, तिला पुन्हा बोलवा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “पण त्या शुक्रवारी येऊन गेल्या. म्हणाल्या, वेळ वाचताना मीच चुकले.”

“म्हणून तर नाव काढलं, काका. इथे बसून जिला पंधरा-तीस वाचता येत नाही, तिच्या भरवशावर गाडी कशी पाठवू? दुसरी कुठलीही चूक चालली असती.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. ‘बदलली असेल’ म्हणाली तेव्हाही. आणि हेही ठाऊक असणार की हे कारण सांगितलं तर जागा जाणार.

बाई म्हणाल्या, इथली जागा दिली गेली. बघते काही होतं का.

पावणेपाचला ती आली. मी दारातच म्हटलं, “बारा वजा करायचे असतात. मी दहा केले.”

“माहीत आहे.”

“मग स्वतःवर का घेतलंस?”

पर्स खुंटीला अडकवली. “तिथे सगळ्यांना सांगितलंय, आमचे हे शाळेत वेळेचे फार पक्के होते. तुमचं हसं झालं असतं.”

मी पेपर उघडून तोंडासमोर धरला. उलटा होता, नंतर कळलं.

२८ मार्च

काल तिला मुलाखतीला बोलावलं होतं. निरोप तिनं स्वतः घेतला. पाऊण तास आधी पोचली म्हणे. मी विचारलं, काय विचारलं त्यांनी? “बरंच काही,” म्हणाली. कागदावरचा ‘अहो’ रकाना तिनं आज फाडून टाकला. मला वाटलं, माफ केलं.

३ एप्रिल, गुरुवार

घेतलं तिला! कायमची. जागा मात्र इथली नाही — नवं केंद्र, दुसऱ्या गावात, सात तासांच्या अंतरावर. सोमवारी हजर व्हायचं. तिनं परवाच होकार कळवलाय. राहायची खोलीही बघून ठेवलीय.

मी म्हटलं, मग माझेही कपडे भरतो.

बॅगेची चेन लावता लावता थांबली. “तुमचं मी विचार करून सांगते,” म्हणाली.