उडून गेलेली मुलं

४ मार्च
देवाच्या कृपेने पोहोचलो. खोली पक्की आहे, मागे केळीची बाग. माझा नवरा ओग्वाल औषध-केंद्राची गाडी चालवणार. आमच्या उत्तरेकडच्या लिराच्या मिशन शाळेत मॅट्रिक झाले त्याचा आज उपयोग झाला. डॉ. ब्रुनर यांनी माझं अक्षर पाहिलं आणि घरोघरी जाऊन नोंदवही भरायचं काम मलाच दिलं. औषध हिवतापाचं, नवीन. फक्त जुळ्यांवर तपासतात. एकाला खरं औषधाचं सरबत, दुसऱ्याला साखरेचं पाणी, म्हणजे फरक चटकन कळतो. आमच्या आपियो आणि आचेन चार वर्षांच्या, त्यांचीही नावं घातली. दर शुक्रवारी एक चमचा, वर साबणाची वडी. अर्धी वडी कपड्यांना पुरवीन, अर्धी साठवीन.

११ मार्च
शेजारच्या जाजा नाकिबुले म्हणजे साऱ्या गावाची आजी. पेन धरता येतं, रांधायची कच्ची केळी सोलता येत नाहीत, नवरा उपाशी मरेल गं तुझा, असं म्हणत स्वतःच सोलायला बसल्या. इथे जुळ्यांच्या आईला स्वतःचं नाव उरत नाही, सगळे तिला नालोंगो म्हणतात. मलाही.
वही सोपी आहे. मुलाच्या नावापुढे तीनच रकाने: जिवंत, मृत, गाव सोडले. इकडची गांडा भाषा मला बाजारापुरती येते, तेवढी पुरते. आज तीन घरांत एकेकच मूल दिसलं. दुसरं कुठे म्हटलं तर आया म्हणाल्या, उडून गेलं. कंपालाला नातेवाइकांकडे धाडलं असणार. ‘गाव सोडले’वर खूण केली.

२५ मार्च
डॉक्टर खूश आहेत. साठ मुलं, एकही मृत्यू नाही. एप्रिलपासून दोन चमचे. संध्याकाळी प्रार्थनेत आभार मानले.
आणखी पाच उडून गेली. एकीला विचारलं, शाळेसाठी का? परत कधी येणार, म्हटलं, तर तिने दार लावून घेतलं. माझं काय चुकलं कळेना.

६ एप्रिल
आचेनचे डोळे पिवळे झालेत. काही खात नाही. आपियो ठणठणीत, बहिणीच्या वाटचंही खाते. आचेनला केंद्रावर नेलं. डॉक्टरांनी वही उघडून दाखवली. कुणालाच अपाय नाही, म्हणाले, सरबत चालू ठेवा. माझंच अक्षर, मलाच दाखवलं.

९ एप्रिल
आज जाजांना सरळ विचारलं, ही मुलं उडून जातात कुठे?
त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. जुळं मरत नाही, म्हणाल्या, उडतं. आईने तोंडाने ‘मेलं’ म्हटलं की उरलेलं जुळं ऐकतं आणि तेही मागोमाग निघतं. म्हणून कुणी म्हणत नाही. रडतही नाही.
मग ती आठ मुलं, असं मी बोलू लागले, तर जाजा म्हणाल्या, हळू बोल, बाई, उरलेली आठ आहेत ना अजून.
आठ. माझ्या हाताने खूण केलेली आठ.

१० एप्रिल
डॉक्टरांना सगळं सांगितलं. ऐकीव गोष्ट चालत नाही, म्हणाले. एका आईने ‘मृत’ लिहून सही केली तरी उद्याच बंद करतो. आठही घरं फिरले. गुडघे टेकले. एकही तयार नाही. तुझ्या दोघी आहेत, म्हणून जीभ चालते तुझी, असं एक म्हणाली.
उद्या शुक्रवार. माझ्या मुलींना सरबत देणार नाही. पण बाकीची —

११ एप्रिल, सकाळ
आचेन. प्रार्थना चालू असताना. माझ्या हातात —
मी किंचाळणार, तोच जाजांनी माझ्या तोंडावर हात दाबला. आपियो ऐकते आहे गं, नालोंगो.
मी ख्रिस्ताची आहे. हे असलं मी मानत नाही. मानत नाही.

दुपार
केंद्रापुढे रांग. कडेवर मुलं. मी आपियोला मांडीवर घेऊन बसले आहे. ती विचारते, आचेन कुठे?
डॉक्टरांनी वही पुढे केली.
तोंडाने म्हणायचं नाही. लिहायचं. लिहिलेलं कुणाच्या कानावर जात नाही.
आचेन — मृत. लिहिलं. सही केली.
डॉक्टरांनी बाटल्या पेटीत भरल्या. रांग मोडली, बायका घरी निघाल्या. देवा, तुझे —
डॉक्टर ओग्वालला काय सांगतात? साक्ष हवी म्हणे. बापाने नोंद घरच्या भाषेत मोठ्याने वाचायची, तसा नियम आहे —
नको, ओग्वाल, थांब —
वाचलं त्याने.
आपियोने मान वर केली. दाराकडे बघते आहे, हसते, कुणाला तरी हात —
आपियो, इकडे बघ. माझ्याकडे. आपि