पडद्यावरची हिरवी वाट

१२ जाने., सोमवार
पाड्यावर काम सुरू झालं. घरून, इंदिरानगरहून, जीपने सव्वा तास, शेवटचा तुकडा नुसता दगडांचा. पाठ पार गेली. फौज सोडून चार वर्षं झाली, दारूगोळ्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं होतं. कंपनीचा फोन आला, "सुभेदारसाहेब, तुम्ही फक्त पडद्याकडे बघून सांगायचं." हो म्हणून बसलो. सौ. म्हणाली, घरात बसून माझ्या चुका काढण्यापेक्षा बरं.

काम असं. पाडा आणि झरा यांच्यामधे रेंजचा, म्हणजे फौजेच्या तोफांच्या सरावाच्या मैदानाचा, जुना तुकडा. गोळीबार थांबून कैक वर्षं झाली, पण न फुटलेले गोळे मातीत आहेत. त्यातून जाणारी पायवाट गेल्या पावसाळ्यापासून बंद. बायका डोंगराला वळसा घालून पाणी आणतात, जाऊनयेऊन दीड तास. वाट साफ आहे की नाही ते आम्ही लांबून सांगायचं. ड्रोनखाली लोखंड ओळखणारा सेन्सर टांगलाय. लोखंड असेल तिथे पडद्यावर लाल, नसेल तिथे हिरवं. आम्ही तीनशे मीटरवर ताडपत्रीखाली बसून.

ड्रोन चालवणारी कल्याणी, पुण्याची इंजिनियर, वय सत्तावीस. हुशार. फार बोलत नाही, हे बरंय.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. पाड्यावरच्या बायकांनी ताडपत्रीपर्यंत येऊन तिळगूळ दिला. एक जण मागे थांबली. हिराबाई, पन्नाशीची असेल. विचारलं, "त्या पाखराला खालचं समदं दिसतं का?"
म्हटलं, लोखंड दिसतं.
"बरं," म्हणाली. अजून काहीतरी विचारायचं होतं तिला. मी पडद्याकडे वळलो. डोळे चुरचुरत होते.

नंतर सरपंचांकडून कळलं, तिचा नवरा रेंजवरचं भंगार वेचायचा. सहा वर्षांपूर्वी घराच्या ओट्यावर एक गोळा ठोकून उघडत होता. जागच्या जागी गेला.

१७ जाने., शनिवार
अर्धी वाट झाली. एक लाल ठिपका, थेट पायवाटेवर. लांबट. कल्याणी म्हणाली, "सर, सिग्नल कमी आहे. भंगार असेल." मी म्हटलं, असेल. पण मी सही करणार नाही.
जवळून खरवडून बघायला रिमोटची छोटी गाडी पाठवायची तर तिचा पट्टा तुटलेला. पुण्याहून नवा येईपर्यंत थांबा.

१९ जाने., सोमवार
पट्टा नाही. दिवसभर बसून. पाड्यावरचे दोघे येऊन उभे राहिले. "साहेब, अजून किती?" म्हटलं, पट्टा आला की सांगतो.

२१ जाने., बुधवार
पट्टा आला. गाडी सोडली. कॅमेऱ्यात माती, गवत, मुंग्या. गाडीच्या यांत्रिक हाताने हळूहळू खरवडलं, पाऊण तास गेला. माझ्या मानेचा दगड झाला.
नांगराचा फाळ निघाला. गंजलेला, मोडका.
सरपंच हसले नाहीत. "आमच्या बाया पाच दिस जास्तीच्या फिरल्या, साहेब. फाळासाठी." बरोबरच आहे त्यांचं. कंपनीच्या पुण्याच्या साहेबांचा फोन, वेळापत्रक घसरतंय, अनुभवी माणूस वेग वाढवायला घेतला होता, कमी करायला नव्हे. ऐकून घेतलं. घरी आलो, जेवलो नाही. 

२३ जाने., शुक्रवार
उरलेली वाट पूर्ण. एकही लाल नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार पट्टी. कल्याणीने दोनदा उडवून बघितलं, तेच.
सही केली. 'पायवाट वापरास योग्य.' खाली नाव, हुद्दा (निवृत्त). पेन ठेवलं तेव्हा हायसं वाटलं. खरं सांगायचं तर वाट साफ म्हणून नाही, संपलं म्हणून.

२६ जाने., सोमवार
शाळेत झेंडावंदन, मग सरपंचांनी वाट उघडली. नारळ फोडला. पंधरावीस बायका हंडे घेऊन एका रांगेत गेल्या, वीस मिनिटांत झऱ्यावर. पोरं पुढे धावत होती. एका बाईने जाताना वाकून माझ्या पायाला हात लावला. मला ओशाळल्यासारखं झालं, का ते कळलं नाही.

हिराबाई वाटेने गेली नाही. वळसा घालून गेली.

२९ जाने., गुरुवार
सामान आवरायला पाड्यावर गेलो. हिराबाई डोंगराकडून हंडा घेऊन येत होती. थांबवून विचारलं, "हिराबाई, तुम्ही अजून लांबून का जाता?"
हंडा खाली ठेवला. "मालक त्या वाटंवरून पांढरं आणायचा."
"पांढरं म्हणजे?"
"हलकं अस्तंय ना. भांड्यासारखं. लोखंडाहून भाव लय त्याला. एवढं एवढं," मूठ दाखवली. "गोळ्याच्या तोंडाला अस्तं. आपटून सुटं पडतं, मंग पावसाच्या पाण्यासंगं वाटंवर येतं." मग म्हणाली, "तुमच्या पाखराला लोखंड दिसतं म्हनलं तुमी. मी म्हनलं, साहेबाला ठावं असंल."

ठावं होतं. अठ्ठावीस वर्षं दारूगोळ्यात काढली. गोळ्याच्या तोंडाचा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारा भाग, त्याची टोपी ॲल्युमिनियमची, आत लोखंड सुईएवढं. दोन मीटर उंचीवरून त्या सेन्सरला काय दिसणार. आणि फ्यूज सुटा असला तरी हात तोडायला पुरतो, पोराचा असेल तर जीव घ्यायला. हे मी रंगरुटांना शिकवलंय. फळ्यावर चित्र काढून.
पण गोळा नाही म्हणजे फ्यूजही नाही, असं धरून चाललो. फाळानंतर मला कशातच खोड काढायची नव्हती.

संक्रांतीला ती हेच विचारायला थांबली होती.

३० जाने., शुक्रवार
सकाळी पत्र लिहिलं. सही मागे घेतो, वाट बंद करावी, कारण असं असं. कंपनीला, तहसीलला, एक प्रत सरपंचांना. पुण्याच्या साहेबांचा फोन तासाभरात: "डेटात काही आहे का? नाही ना. मग एका बाईच्या सांगण्यावरून?" म्हटलं, माझ्या सांगण्यावरून. म्हणाले, लेखी उत्तर देऊ, तोवर कुणाशी बोलू नका.
सरपंच म्हणाले, "आधी फाळाला घाबरलात. आता काहीच नाय तर त्याला घाबरता. लोकांना काय सांगू मी?"

२ फेब्रु., सोमवार
उत्तर नाही. तहसीलचं म्हणणं, फौजेचं पथक येऊन खात्री करेल, तारीख कळवू.
पाड्यावर गेलो तर कल्याणी आधीच तिथे. सुट्टी टाकून, पुण्याहून एस.टी.ने, पाठीवर भलीमोठी सॅक. तिच्यात सगळे धातू ओळखणारा हातातला डिटेक्टर. कुणाकडून तरी मागून आणलेला. म्हणाली, "सर, हा घेऊन कुणीतरी चालायला लागतं. म्हणून आपण वापरला नव्हता. पण गाडीच्या हाताला बांधला तर?" गाडी अजून इथेच होती, कंपनीने नेली नव्हती. सुतळी आणि सायकलची ट्यूब, त्यात दुपार गेली. दोनदा सुटून पडला.
"तुझी नोकरी?" विचारलं.
"हिरवं माझ्याच पडद्यावर होतं, सर."

३ फेब्रु., मंगळवार
बायका सकाळचं पाणी भरून परतल्यावर सरपंचांनी दोन तास वाट मोकळी करून दिली. नाइलाजाने. तोंड फिरवून बसले.
गाडी तासाला दीडशे मीटरही जात नाही. आवाज ऐकायला कल्याणीने फोन बांधलाय गाडीवर, त्यातून डिटेक्टरची किणकिण येते. पहिल्यांदा बाटलीचं बूच. मग गुटख्याची पुडी, तिचाही वर्ख वाजतो. मग चमचा. सरपंच म्हणाले, "घ्या."
पहिल्या वळणावर पुन्हा वाजला. कॅमेरा खाली केला. पायवाटेच्या कडेला, टाचेच्या ठशाला लागून, मातीतून करडं काहीतरी वर आलेलं. मुठीएवढं. गोल कड. फ्यूज असेल. किंवा डब्याचं झाकण. मी वीस मिनिटं बघत राहिलो, कॅमेरा डावीकडून, उजवीकडून. सांगता येत नाही. आयुष्यभर हेच केलं आणि सांगता येत नाही.
खरवडायचं नाही म्हटलं. फ्यूज असेल तर गाडीच्या धक्क्यानेही उडेल. गाडी उलटी आणली. फोटो तहसीलला पाठवला, कंपनीला पाठवला.
सरपंच उठले, पडदा जवळून बघितला.  जाताना म्हणाले, "आजच्या दिस नका सोडू कुणाला."

४ फेब्रु., बुधवार
वाटेच्या तोंडाला काटेरी फांद्या लावल्या, लाल फडकं बांधलं. दुपारी येऊन बघतो तर फांद्या बाजूला. वरच्या घरातल्या एका बाईने स्पष्टच सांगितलं, "आठ दिस चाललो, काय झालं? माझी सून पोटुशी हाय. तिला डोंगर चढवू?"  झाकण असेलही.
कंपनीचं पत्र आलं. सर्वेक्षण मान्य पद्धतीने झालेलं, निष्कर्ष कायम, अनधिकृत उपकरणाच्या फोटोची दखल घेता येत नाही. कल्याणीला वेगळं पत्र. तिने वाचून घडी घातली आणि सॅकमधे ठेवलं.
तहसीलला फोन केला. पथक 'लवकरच'.

५ फेब्रु., गुरुवार
सौ.ला सांगितलं, पथक येईपर्यंत रोज जाणार. ती म्हणाली, "आणि नाही आलं तर?" डबा भरून दिला.
आठ वाजल्यापासून वाटेच्या तोंडाशी दगडावर बसलोय. हे तिथेच लिहितोय. ऊन वर आलंय, गुडघे दुखतात. हिराबाई येऊन बसली शेजारी. तिचं पाणी भरून झालं होतं, वळशाने. मी म्हटलं, तुम्ही घरी जा. म्हणाली, "तुमचं नाय ऐकायच्या त्या. माझं घटकाभर ऐकतील."
सकाळपासून सहा जणी परतवल्या. दोघी शिव्या देऊन गेल्या. आता वरच्या घराकडून तिघी उतरतायत, डोक्यावर हंडे. मधे ती सून आहे, हात कमरेवर, सावकाश चालतेय.
हिराबाई उठून उभी राहिली. मीही उठतो.