रहेमानचं बरोबर उत्तर

नाशिक, ३ नोव्हेंबर २०२५

चि. लतास, अनेक आशीर्वाद.

फोनवर मी ओरडतो अशी तुझी तक्रार, म्हणून लिहितोय. तुमच्या मनमाडला रहेमान लेकीकडे राहतो, त्याच्या घरी जाऊन ये. आठ दिवस तो माझा फोन उचलत नाही आणि मला जेवण गोड लागत नाही.

आमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा प्रश्नांचा गट तुला ठाऊक आहे. अंबडच्या कारखान्यातले आम्ही अकरा निवृत्त. रोज सकाळी मी प्रश्न टाकतो. नियम एकच, मोबाईलवर शोधायचं नाही, डोक्यातून सांगायचं. तीन वर्षांत रहेमानचं एकही उत्तर बरोबर आलं नाही. ऑक्टोपसला हृदयं किती विचारलं, तर म्हणाला, लग्न झालं असेल तर दोन. त्या उत्तरांवरच गट चालायचा. आणि सप्टेंबरपासून हा रोज अचूक. मंगोलियाची राजधानीसुद्धा.

मी पेटलो. गेटवर सत्तावीस दिवस संपात माझ्या शेजारी बसलेला माणूस मला फसवतो? उसन्या अकलेला इथे जागा नाही, असं सर्वांसमोर लिहिलं आणि त्याला गटातून काढलं. तो एक शब्द बोलला नाही. भांडला असता तर चाललं असतं. काय म्हणतो ते जसंच्या तसं कळव.

माया पातळ करू नकोस.
सोमनाथ


मनमाड, ७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

कागदावरही तुझ्या हातात माईक असतोच. असो.

रहेमानभाई काही म्हणाले नाहीत. त्यांना बोलताच येत नाही. ऑगस्टअखेर पक्षाघात झाला; उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं. तुला कळवायचं नाही, असं त्यांनी खुणेनं लेकीला, जियाला बजावलं होतं. रोज सकाळी ती तुझा प्रश्न वाचायची आणि ते उत्तरासाठी अर्धा-अर्धा तास झटायचे. तिला त्यातलं काही उमगायचं नाही. मग अब्बांची लाज राहावी म्हणून ती बरोबर उत्तर शोधून पाठवायची. तुमचा नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता.

तू लिहिलेलं ती लपवत होती. त्यांनी डाव्या हातानं मोबाईल ओढून घेतला आणि वाचलं. तेव्हापासून तोंडातून आवाजही काढत नाहीत. डॉक्टर म्हणतात, प्रयत्न सोडला तर परत येणारी वाचाही येणार नाही. जियानं तुझा नंबर ब्लॉक केलाय. तिच्यावर रागावू नकोस, मीही तेच केलं असतं.

लोभ आहे, आज मात्र थोडा रुसलेला.
लता


नाशिक, ११ नोव्हेंबर २०२५

चि. लतास, आशीर्वाद.

गटात माफी लिहिली. नऊही जणांनी वाचली. ज्याच्यासाठी लिहिली तो गटात नाही.

आयुष्यभर मालकांना दरडावत आलो, आधी माणसाचं ऐकून घ्या, मग शिक्षा करा. आणि मीच रहेमानला न विचारता बाहेर काढला. तीन वर्षं रोज प्रश्न टाकले. बरा आहेस का, हा एकदाही टाकला नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. जियाला सांग, दारात उभं केलंस तरी उभा राहीन. भाषण करणार नाही. त्यानं मला शिवी द्यायला तरी तोंड उघडावं. त्या शिवीला कितीही वेळ लागू दे, शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकेन. आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं तर पुढे काय करायचं, ते मला माहीत नाही गं.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
सोमनाथ