पहिलं माप

आबा, पन्नाशी कधीच ओलांडली आणि आता पुन्हा अंकलिपीपासून सुरुवात केली आहे. अदीन, द्वा, त्री, चितीरे. माझी धाकटी लेक रशियात डॉक्टरकी शिकते. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात. मे महिन्यात मला तिच्याकडे जायचं आहे. भाषा राहू दे, निदान आकडे तरी शीक, नाहीतर बसचा नंबर कसा ओळखशील, असं तिचं म्हणणं. म्हणून इथे नांदेडला रोज सकाळी भाकरी थापताना मी मोजते. पंचवीस वर्षं पोरांना गणित शिकवलेली बाई, आणि चारवरच अडखळते. फोनवर लेक हसते. ते हसू उगाच लागतं, आणि मग तुम्ही आठवता.

भोकरजवळच्या आपल्या गावात धान्य मोजायला तुम्हालाच बोलावत. खळ्यावर ज्वारीच्या ढिगापुढे तुम्ही बसला आहात, डोक्याला टॉवेल, हातात लोखंडी पायली. पहिलं माप पोत्यात ओतताना तुम्ही एक कधीच म्हणत नव्हतात. लाभ म्हणायचात, मग दोन, तीन. मी दुसरीत होते. त्या सुगीत एकदा शाळेत खडे मोजताना मीही लाभ म्हणाले होते आणि सगळा वर्ग खदखदून हसला होता. तो राग मी खळ्यावर काढला. चार माणसांत म्हणाले, "आबा, एक म्हना की. एवढंबी येत न्हाई का तुमाला?" माणसं हसली. तुमचा हात भरल्या पायलीवर थांबला.

"हाव माय," तुम्ही म्हणालात, "तू शिकून राहिलीस, तुलाच ठावं." आणि माप ओतताना हळूच म्हणालात, "एक." त्यानंतर माझ्यासमोर तुमच्या तोंडून लाभ कधी आलं नाही. मी नसताना मात्र म्हणायचात, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

परवा लेक म्हणाली, "आई, वस्तू मोजताना इकडची माणसं अदीन म्हणतच नाहीत. राझ म्हणतात, मग द्वा, त्री. आमचे प्रोफेसरसुद्धा."

"कुणी हसत नाही?" मी विचारलं.

"त्यात हसायचं काय?"

तव्यावरची भाकरी करपली तरी मी उभीच. मला माझीच लाज वाटली, आबा. मग तिनं विचारलं, "आपल्याकडं होतं का गं असं काही? आजोबा तर धान्य मोजायचे ना?"

तुमची पायली माझ्याकडेच आहे, पिठाच्या डब्यावर पालथी. तिच्याकडे बघत मी म्हणाले, "न्हाई गं. एक, दोन, तीनच म्हणायचे."

हे पत्र वहीतच राहणार. तुमची माफी मागायला म्हणून लिहायला बसले, आणि परवा तर मी तुम्हाला पुन्हा एकदा 'एक' म्हणायला लावलं.