न्येरीची मंडळी येण्याआधी

१० जून, सोमवार.
ठरलं. ६ जुलैला आमच्या वामुयूच्या लग्नाच्या बोलणीला न्येरीची मंडळी येणार. त्याआधी माझे दात पांढरे झालेच पाहिजेत. ते डोंगराचं पाणी पिणारे, त्यांचे दात दुधासारखे. आमच्या नाकुरूच्या बोअरच्या पाण्याने आमचे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे. पन्नास वर्षं तोंडावर हात धरून हसलो. आता व्याह्यांसमोर मोकळं हसणार.
वामुयूचे दातही तसेच तपकिरी आहेत. पण पोरगी स्वभावानेच गंभीर, फारशी हसत नाही. तिला काही वाटत नसावं.
हिला बेत सांगितला. म्हणाली, अहो, त्यांना मुलगी न्यायचीय, तुमचे दात नाहीत. बायकांना प्रतिष्ठा कळत नाही.

१२ जून.
डेंटिस्ट निवडणं सोपं आहे. तीस वर्षं जुन्या गाड्या विकतोय, माल बघताक्षणी कळतो.
पहिली, डॉ. मुगुरे नावाची बाई. भिंतीवर चालू वर्षाचं लायसन्स. अवजारं माझ्यासमोर बंद पाकिटातून काढली. अर्धा तास नुसते प्रश्न. मग म्हणाली, दात मजबूत आहेत, डाग पाण्याचे आहेत, आधी एकच दात पांढरा करून बघू, घाई नको. फी कागदावर लिहून दिली. दाताला पंधरा हजार शिलिंग, आणि आजच्या तपासणीचे दोन हजार वेगळे. नुसतं बघायचे! मी गिऱ्हाइकाला गाडी बघायचे पैसे लावतो का?
धंदा चालत नसणार बिचारीचा. बाहेर साधा टीव्हीसुद्धा नाही.

१५ जून, शनिवार.
सापडला! बसस्टँडमागे, दुसरा मजला. तपासणी फुकट. लेदरचा सोफा, भिंतभर टीव्ही. स्वतःचे दात असे की डोळे दिपले. दाताला तीन हजार. पुढचे सहा करू म्हणाला, पैसे मात्र आधी. लायसन्स विचारलं (मी काही भोळा नाही). नूतनीकरणाला गेलंय म्हणाला. माझ्या निम्म्या गाड्यांचे कागदही तिकडेच असतात. माणूस आपल्यातला वाटला.

२२ जून.
समोरचे दोन झाले. दात घासून वर पांढऱ्या टोप्या चिकटवल्या, घासताना जीव गेला. रंगांची पट्टी पुढे केली, त्यातला सर्वांत पांढरा मी निवडला. उरलेले चार पुढच्या शनिवारी.
हिने बघितलं आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली. खांदे हलत होते. गहिवरली असावी.

२९ जून.
दाराला कुलूप. काचेतून पाहिलं, सोफाही नाही. खालचा शिंपी म्हणाला, मंगळवारी तपासणीवाले आले, हा सोमवारीच पसार.
हिला सांगितलं, डॉक्टर सुट्टीवर आहेत.
मुगुरेबाईंकडे जावं का? कोणत्या तोंडाने जाऊ?

५ जुलै.
उद्याचे नियम. हसायचं नाही. आमच्यातर्फे मेहुणा न्दिरांगू बोलणार, त्यामुळे बोलायचीही गरज नाही. नवा एक दात हलतोय, म्हणून मांस चावायचं नाही, फक्त पेज प्यायची. काही बिघडत नाही.

६ जुलै, संध्याकाळ.
लिहायलाही लाज वाटतेय, पण लिहितो.
मंडळी देजाच्या बकऱ्या घेऊन आली. रीतीप्रमाणे पाच मुलींना डोक्यापासून पायापर्यंत चादरींत गुंडाळून उभं केलं. नवरदेव किरागूने आपली नवरी ओळखायची. चुकला तर एक बकरी दंड. पोरगा दोनदा फेरी मारून गोंधळला. न्दिरांगू म्हणाला, जावईबापू, बकरी बांधूनच ठेवा. मी नियमाप्रमाणे गप्प, पेज पीत होतो. घोट घेतला आणि एक नवा दात निसटून पेजेत पडला. व्याह्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, आम्ही बकऱ्या आणल्या, तुम्ही परतफेड दातांनी करताय?"
अंगण हसून लोटपोट झालं. चादरीसुद्धा हलायला लागल्या. चार नुसत्या हलल्या. पाचव्या चादरीत एक हात वर गेला आणि तोंडाशी थांबला.
किरागू सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. चादर काढली, वामुयूच. कसं ओळखलंस, म्हणून सगळे विचारू लागले. तो सहज म्हणाला, "ती नेहमी तोंड झाकूनच हसते. बाबा असेच हसतात, म्हणते."
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दातासाठी नाही.
पोरगी गंभीर नव्हती. मीच शिकवलं तिला, एक शब्द न बोलता.

८ जुलै, सोमवार.
मुगुरेबाईंकडे गेलो. दोन हजार आधी भरले. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. टोपीखालचा दात वाचेल म्हणाल्या की नाही, नीट ऐकलंच नाही. चार भेटी लागतील.
घरी येऊन वामुयूला म्हटलं, बेटा, तोंड झाकून हसत जाऊ नकोस, छान आहेत तुझे दात.
ती म्हणाली, "बाबा, आधी तुमचा हात खाली घ्या."