दगडीपाल्याचं नाव मी सांगून टाकलं

माय, तुझं ऐकलं नाई मी. पाल्याचं नाव सांगून टाकलं. आधी सारं ऐकून घे, मंग काय बोलायचं ते बोल.

तुझी पणती, म्हणजे माझ्या लेकाची पोरगी, चंद्रपूरच्या कॉलेजात एम.एस्सी. करून राह्यली. दिवाळीत घरी आली तं चुलीपाशी बसून विचारते, "आजी, तुझी माय जखमेवर काय लावायची?" मी लाकडं आणायच्या निमित्तानं उठली. तूच बजावलं होतं न, नाव तोंडातून निघालं का औषधाचा गुण जाते. मले अजून दिसते. बाबाच्या पायावर कुऱ्हाड पडली आहे, तू वावराच्या धुऱ्यावरून पाला खुडून आणतेस, आमच्याकडे पाठ करून वाटतेस. मी डोकावली तं पाट्यावरचा हात माझ्या गालावर. हिरवा गाल घेऊन फिरली मी दिवसभर. लग्न ठरल्यावर तू कानात नाव सांगितलंस, ते मी सुनेलेही सांगितलं नाई.

पण पोरगी पिच्छा सोडेना. शेवटी तिले धुऱ्यावर नेलं अन् बोट दाखवून नाव घेतलं. ती हसायलेच लागली. "आजी, हा तं आमच्या पुस्तकात आहे. आता माझा प्रयोग याच्यावरच." तिकडून शेजारीण म्हणते, "काऊन बाई, तुमचाबी दगडीपालाच? मी तं तुमच्यापासून लपवत होती." साऱ्या गावानं एकमेकींकडे पाठ करून एकच पाला वाटला, माय. मीही हसली, पण भीती होतीच. नाव मोठ्यानं निघालं, आता पोरीचं काम बिघडलं तं माझ्यामुळं.

मंग काही महिन्यांनी ती मले कॉलेज दाखवायले घेऊन गेली. पोंभुर्ण्याहून बसलो, कंडक्टरलेही सांगितलं मी, नातीची प्रयोगशाळा पाहायले चालली म्हणून. तिथी पोरीनं पाला चहासारखा उकळला, गाळला. दुसऱ्या बाटलीत नितळ पाणी. म्हणते, "हे चांदीचं पाणी." मी जोडवे काढायले लागली, कमी पडलं तं घे म्हटलं. "राहू दे आजी, आजोबा मले मारतील. हे बाटलीतच मिळते." दोन्ही एकत्र केलं तं पाणी हळूहळू पिवळं झालं, मंग कोऱ्या चहावाणी. पाल्याच्या रसानं चांदीचे कण तयार झाले म्हणते, इतके बारीक का डोळ्याले दिसत नाई.

"मंग मले दिसते ते काय?"

"त्यांचा रंग, आजी."

मंग आधी करून ठेवलेली काचेची ताटली आणली. तीत जखम चिघळवणारे जंतू वाढवले होते, सायीवाणी पसरलेले. पण जिथी हे पाणी टाकलं, तिथी भवताली स्वच्छ गोल. एकही जंतू नाई. गुण गेला नाई, माय. भिंतीवर पोरीच्या कामाचा मोठा कागद लावला आहे, त्यात दगडीपाल्याचं नाव सगळ्यात वर. मी पदर सावरून वाचलं, एकेक अक्षर. मलम व्हायले लई वर्षं लागतील म्हणते, आधी उंदरं, मंग माणसं. लागू दे.

तू तं कवाच गेलीस, हे पत्र टाकू कुठी? राहील तांदळाच्या कोठीत. पण एक सांगते. तो गोल दिसला नसता, तरी मले पस्तावा झाला नसता. पोरीनं विचारलं न, माय. या घरात इतकी वर्षं झाली, भात झाला का, यापलीकडे मले कोणी काही विचारलंच नव्हतं.