कॅल्शियमची बाटली

३ मार्च
पोचले! खोली मिळाली, दोन कॉटची. जिना उतरला की हॉटेलची लॉण्ड्री. दुसरी कॉट मावशींची. सख्ख्या नव्हेत, इथल्या सगळ्यांच्याच मावशी. इस्त्री त्यांच्याकडे, चादरींच्या घड्या माझ्याकडे.

गोळ्याही सुखरूप पोचल्या. निघताना दादानं त्या कॅल्शियमच्या बाटलीत ओतल्या आणि मूळ डबी फेकून दिली. विमानतळावर कुणी वाचलं तर? म्हणे. मला एचआयव्ही आहे हे घरात त्याला एकट्यालाच ठाऊक. ही बाटली संपायच्या आत इथला दवाखाना शोधायचाय.

५ मार्च
मावशी रोज जेवणाआधी नवऱ्याला फोन लावतात. कसे आहात, काय खाल्लं, काही नाही. "घेतलीत का?" एवढंच! तिकडून काहीतरी उत्तर येतं, ह्या फणफणतात, फोन बंद. बीपीची गोळी असणार. अशी बायको असल्यावर बीपी वाढणार नाही तर काय होणार!

९ मार्च
मेले! मावशींचे गुडघे दुखताहेत, आणि बाटली माझ्या उशाशी उघड्यावर. म्हणाल्या, कॅल्शियम आहे ना, दे की एक. मी म्हटलं, एक्स्पायर झालंय हो. तर म्हणतात, "मी तरी कुठे नवी आहे? दे."

हात पुढेच. नाही म्हणावं तर संशय. दिली एक! दुधाबरोबर घेईन म्हणाल्या आणि एप्रनच्या खिशात टाकली. त्यांना काही झालं तर? तोंड शिवल्यासारखी बसले नुसती. लाज वाटते स्वतःची.

१० मार्च
मावशी ठणठणीत! इस्त्री करताना गात होत्या, तेही बेसूर. देवा, पावलास. बाटली आता मोज्यांत.

१४ मार्च
दवाखाना सापडला!! बसथांब्याच्या फलकावर नंबर होता. मन घट्ट करून फोन लावला. बाईनं कुठल्या देशाची हेसुद्धा विचारलं नाही. औषध फुकट, म्हणाली. सत्तावीस तारीख दिली. फोन ठेवला आणि ओल्या चादरींच्या ढिगावर अंग टाकून हसत सुटले.

फक्त एक भानगड. गोळ्या सव्वीसला संपतात. दिलेली ती एक असती तर बरोबर पुरल्या असत्या.

१९ मार्च
डबलबेडच्या चादरीत आज मीच गुंडाळले गेले. मावशी हसून हसून स्टुलावरून घसरल्या. गुडघे बरे दिसतात!

२७ मार्च
जाऊन आले. डॉक्टर तरुण, केस विस्कटलेले. एचआयव्ही हा शब्द असा उच्चारला, जसा आपण सर्दी म्हणतो. इतकं हलकं वाटलं!

मग विचारलं, गोळी कोणती? म्हटलं, पांढरी, लांबट. ते हसले. आमच्याकडच्या बऱ्याचशा पांढऱ्या आणि लांबटच, म्हणाले. नाव काय? नाव दादानं कचऱ्यात टाकलेलं! त्याला फोन केला, त्यालाही आठवेना. तिकडे जिथून गोळ्या मिळायच्या ते केंद्र सुट्टीमुळे बंद. डॉक्टर म्हणाले, एखादी उरली असेल तर उद्या आणा, तिच्यावरच्या खुणेवरून ओळखू आणि लगेच देऊ. नाहीतर रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागेल. उरली कुठे? शेवटची काल घेतली. दारापर्यंत येऊन हातातून गेलं! बसमध्ये रडले.

२७ मार्च, पुन्हा
मावशींना सांगून टाकलं. सगळंच. त्या दिवशीच्या गोळीचंही. म्हटलं, हवं तर खोली सोडते.

त्या उठल्या. कपाट उघडलं, सुयांच्या डबीतून कागदाची पुडी काढली. आत माझी गोळी!

"हातात घेतल्याबरोबर ओळखली. यांचीही हीच. आपणहून विचारलं असतं तर पळून गेली असतीस, म्हणून थांबले. उद्या दाखव डॉक्टरांना."

मग रोजच्यासारखा फोन लावला. घेतलीत का? घेतली होती. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या.

"उद्यापासून दोघांना विचारणार."